अंगठ्याबाबत सर्वसंमती

३ मार्च, सकाळ
बाबांच्या उजव्या पायाचा अंगठा काळा पडलाय. शुगर. सर्जन म्हणाले, दोन दिवसांत अंगठा काढू. औषधांवर वाचेलही, पण खात्री नाही, आणि विष वर चढलं तर पाय जाईल. घाबरवायची सवयच असते या लोकांना. नशीब, घरात मी थोरला. निर्णय कसे घ्यावेत याचं तीन दिवसांचं ट्रेनिंग ऑफिसने मलाच दिलंय.

दुपार
सगळ्यांची मतं घेतली. बहीण म्हणाली, आजच काढा. ती नर्स आहे, म्हणजे सर्जनच्याच पार्टीतली. धाकटा म्हणाला, थांबू, दुसऱ्या डॉक्टरला दाखवू. आई म्हणाली, कापाकापी नको. बायकोने विचारलं, बाबांना विचारलंत का? मुद्दा भावनिक. तरी नोंद घेतली.

४ मार्च
बाबांना विचारलं. म्हणाले, अरे, अंगठाच ना, काढून टाका. आयुष्यभर टेलरिंग केलं, मशीनवर बसायची घाई.
एक्सेल शीट केलं. आईला तीस गुण, सर्जनना पंचवीस, भावंडांना वीस-वीस. बाबांना पाच, पेशंट तटस्थ नसतो. बेरीज: काढा पन्नास, थांबा पन्नास. इतकं बॅलन्स्ड शीट ट्रेनरलाही जमलं नसतं.

५ मार्च
बहीण फोनवर किंचाळली, दादा, तू बाबांचा पाय घालवशील. शांतपणे सांगितलं, आवाजाला गुण नाहीत. सर्जनकडे मुदतवाढ मागितली. म्हणाले, ती माझ्या हातात नाही, जंतूंना विचारा. असहकार. त्यांचे पाच गुण कापले. निकाल आपोआप लागला: थांबायचं.

७ मार्च
ताप. पाऊल सुजून भोपळा. आई ऐन वेळी फिरली, म्हणते काढा. आता सगळं शीट नव्याने करा! धाकट्याचे दुसरे डॉक्टर आले. इतके दिवस काय करत होतात, म्हणाले. लॅपटॉप उघडून दाखवायला गेलो, तर ते पाठ फिरवून चालू लागले.

८ मार्च
मध्यममार्ग सापडला! अर्धा अंगठा. कुणीच पूर्ण हरत नाही. सहाला सगळ्यांचा कॉल ठेवला.
सहा वाजता कुणीच जॉइन झालं नाही. बाबांना चारलाच आत नेलं होतं. सही त्यांनी स्वतः केली. कागद बहिणीने धरला.

९ मार्च
पाय गुडघ्याखाली काढला. बाबा शुद्धीवर आले तेव्हा शेजारी मीच होतो. समजावलं, की आपली प्रोसेस बरोबर होती, रिझल्ट तेवढा दुर्दैवी. चादर जिथे सपाट झाली होती तिथे ते बघत राहिले. मग म्हणाले, तुझ्या बहिणीला बोलव.

१२ मार्च
वॉर्डात घरच्यांची मीटिंग झाली. मला चहा आणायला पाठवलं होतं. परत आलो तोवर ठरलेलं: यापुढे बाबांच्या बाबतीत मला काही विचारायचं नाही. धाकटा म्हणाला, एकमताने. सगळ्यात आधी हात बाबांनी वर केला म्हणे, सलाईन लावलेला.
मी चहा वाटला.