प्लगला दिलेला जास्तीचा हिसका

उस्ताद, इतक्या उशिरा लिहितो आहे, माफ करा. तुम्ही गेलात तेव्हाच लिहायला हवं होतं. पण चौथीत शाळा सुटलेल्या माणसाला कोरा कागद पाहिला की घाम फुटतो. आज मात्र राहवत नाही.

श्रीगोंद्याच्या तुमच्या गॅरेजात मी पहिला प्लग बसवला तो दिवस आठवतो. तुम्ही माझ्या हातातला पाना काढून घेतलात आणि रबरी नळीचा तुकडा दिलात. प्लग नळीत खोचायचा आणि नळीच फिरवायची. आटे वाकडे लागले तर नळी घसरते, इंजिन वाचतं. प्लग टेकला की मगच पाना, वायसर नवा असेल तर अर्धा फेर, बस. मी अर्ध्यावर थांबलो नाही. वाटेत सैल झाला तर, म्हणून आणखी एक हिसका दिला. तुम्ही म्हणालात, "आरं, प्लग हाय त्यो, बैलाचा खुंटा न्हाई. भ्यालास की पाना खाली ठेवत जा." सगळं गॅरेज हसलं होतं.

गेल्या आठवड्यात सुनेची स्कूटी झटके खात घरी आली. ती अंगणवाडीत शिकवते, तिला लगेच परत जायचं होतं. "मामा, जमंल का आत्ताच?" इंजिन तापलेलं होतं, निवू द्यायला हवं होतं. मी नवा प्लग टेकवला, अर्धा फेर दिला. मग मनात आलं, कालव्याच्या रस्त्यानं एकटी जाते. पुन्हा तोच हिसका. पाना एकदम हलका झाला. तो हलकेपणा तुम्हाला सांगायला नको. इंजिनाच्या हेडमधले आटे गेले होते.

मी काही बोलायच्या आतच ती म्हणाली, "परवाच सर्व्हिसिंग केली ना त्यांनी? त्यांनीच घोळ घातलाय." ते म्हणजे तुमचा नातू, आता तुमच्या जागेवर तोच बसतो. मी म्हणालो, "व्हय, आसंल."

तुमच्या नातवानं गाडी ढकलत नेली, हेड उतरवून आटे नवे करून दिले. मला हळूच म्हणाला, "बाबा, पुसायला प्लग मीच काढला हुता. माझ्याच हातून जास्त आवळला गेला आसंल." उस्ताद, त्याचं मुळीच चुकलेलं नाही. पण तेव्हापासून तो प्रत्येक प्लगपाशी थबकतो, आवळलेला परत सोडून बघतो. गिऱ्हाईक विचारतं, "काय झालं रे?" तो मान हलवतो. माझी भीती मी त्याच्या हातात घालून आलो.

रोज सांगायला म्हणून जातो. तो बाकावरची धूळ पुसतो, चहा मागवतो, आणि नव्या गिऱ्हाइकाला सांगतो, "हे आमच्या आजोबांच्या हाताखालचे." तेवढं ऐकतो आणि घरी येतो. हा कागद कुठल्या पत्त्यावर टाकणार, गादीखालीच राहील. तरी काही कळवायचं असेल तर लवकर कळवा, तो गॅरेज उघडायच्या आत. खरं सांगू का, सुनेची भीती नाही मला. कळल्यावर तो परत कधी मला 'आजोबांच्या हाताखालचे' म्हणणार नाही, एवढ्यासाठी गप्प आहे.