ह्यांच्या वाट्याची वचनं

कळमनुरी, डिसेंबर १९४१. मंगळवार, दिवेलागण.

हे जाऊन दोन महिने झाले. संध्याकाळच्या प्रार्थनेत आमचा नेम होता, स्तोत्रातलं एक वचन मी वाचायचं, पुढचं ह्यांनी. मी अजून रोज तेच स्तोत्र घेते, पण माझीच वचनं वाचते. ह्यांच्या वचनापाशी गप्प बसते, मग पुढचं. ह्यांची पण मीच वाचली तर हे खरंच गेले असं होईल ना?

आज शेजारची सखूबाई चुलीतला विस्तव न्यायला आली. दारातच थबकली. "बाई, मधीमधी काहून थांबून राहिल्या?"

"ती ह्यांची वचनं."

"मंग ती आता कोन वाचंल?"

विस्तव घेऊन गेली. राग आला तिचा. गावात आमचं एकच ख्रिस्ती घर, हिला काय कळणार! पण पुस्तक मिटवेना. दोन महिने विचारतेय, देवा, तू आहेस कुठे? आणि तो जवळ असल्याचं वचन नेमकं ह्यांच्या वाट्याचं. रोज ओलांडून जात होते.

वाचलं. मोठ्याने.

पुढचं माझं होतं. हुंदक्यात शब्दच फुटेना. घरात कोणी नाही. तरी वाटलं, वाचायची पाळी माझी आहे म्हणून कोणीतरी थांबलंय.