उरलेला घोटभर चहा

शुक्रवार, संध्याकाळ. अंधेरी.

घरी आले तरी तो कागदी कप डोळ्यांसमोरून जात नाही. सोमवारी कॉलेजच्या कॅन्टीनबाहेर ओल्या-सुक्या कचऱ्याचं माझं पोस्टर लावलं. चिकटपट्टी माझ्या मैत्रिणीने, सायलीनेच धरली होती. आणि पाचच मिनिटांत तिनेच घोटभर चहासकट कप सुक्या डब्यात टाकला! आतले सगळे कागद भिजले. मी भडकले.

"अगं, मग चहा कुठे ओतू? तुझ्या डोक्यावर?"

खरंच की. मला का नाही सुचलं हे?

आज डब्यांच्या अलीकडे एक बादली ठेवली, फक्त उरलेल्या चहासाठी. सायली आली, फोनवर बोलत बोलत चहा ओतला, कप सुक्यात टाकला आणि गेली. पोस्टरकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

थँक्यू गं, भांडलीस म्हणून. पोस्टर उद्या काढून टाकते.