पोटात भाडेकरू असलेला लॅपटॉप

१२ नोव्हेंबर, रविवार

प्रिय छोट्या,

तुम्ही सगळे मजेत असाल. पोरीचा खोकला गेला का? आम्हीही इकडे ठीक आहोत, असं लिहायची सवय आहे म्हणून लिहिलं. फोनवर तू "सगळं बरंय ना?" विचारतोस, मी "बरंय" म्हणते, आणि दोघंही सुटतो. म्हणून आज मेल करतेय. जरा लांबेल, सवडीने नको, आत्ताच वाच.

आधी माझं सांगते. ऑफिसातली सर्व्हर रूम बंद झाली आणि मला घरी बसवलं, हे तुला माहीत आहे. नवीन काही शिकल्याशिवाय या वयात मला कोण दारात उभं करणार? सरावासाठी घरी दोन जुने सर्व्हर मांडले होते. त्यांची घरघर एवढी, की बाबा कंटाळून टीव्हीच बंद करायचे. पण मी घरी असायचे कुठे? एक दिवसाआड बाबांचं डायलिसिस, त्यात अर्धा दिवस जायचा. शेवटी दोन्ही धुडं काढून टाकली आणि सरावाची अख्खी लॅब एका लॅपटॉपमध्ये कोंबली. लॅपटॉप जुनाच, जाडजूड. त्यात मावेल तेवढी रॅम भरली, डिस्क मोठी टाकली. आता त्याच्या पोटात पाच-सहा कॉम्प्युटर चालतात. खरे नाहीत, पण ते त्यांना माहीत नाही. त्यांचं आपसातलं नेटवर्कही आतल्या आत, त्यामुळे हॉस्पिटलच्या रडतखडत चालणाऱ्या वायफायवाचून काही अडायचं नाही. बाबांच्या खुर्चीशेजारी बसून मी त्यातला एखादा मुद्दाम बंद पाडायचे आणि परत उभा करायचे. तेवढा वेळ बरा जायचा.

बाबांना आधी वाटलं, मी गेम खेळतेय. समजावून सांगितलं तर हसले. "म्हणजे घर एक आणि भाडेकरू ढीगभर." तेव्हापासून सुया लागल्या, मशीन सुरू झालं, की विचारायचे, "आज कोण भांडतंय?" एकदा मेमरी पुरेना, सगळंच गोठलं आणि पंखा बोंबलायला लागला. "एकाला बाहेर काढ," म्हणाले, "सगळ्यांना सांभाळत बसलीस तर घरच बसेल." शेजारच्या खुर्चीतले मास्तरही हसले. पुढे ते मास्तर येईनासे झाले. आम्ही कोणाला विचारलं नाही.

मला नोकरी लागली, छोट्या. मुलाखत हॉस्पिटलच्याच जिन्यात बसून ऑनलाइन दिली, लॅपटॉप मांडीवर घेऊन. त्यांनी सांगितलं ते सगळं त्यांच्या डोळ्यांदेखत उभं करून दाखवलं. शेवटी कंपनीच्या बाईंनी विचारलं, "कधी रुजू होताय?" काम दुसऱ्या शहरात आहे. रोज जातीने हजर राहावं लागेल.

बाबांना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा असा फुलला की विचारू नकोस. मग मी म्हटलं, "नाही म्हणून कळवते त्यांना."

"का?"

मी त्यांचं पांघरूण सारखं करत राहिले. काहीतरी बोलायला हवं होतं. पगार कमी आहे, काम आवडलं नाही, काहीही. सुचलंच नाही.

पुढच्या खेपेला बूट आणून समोर ठेवले, तर ते उठले नाहीत. "आता पुरे," म्हणाले. मला वाटलं, आजच्यापुरतं. त्यानंतर ते डायलिसिसला गेलेलेच नाहीत.

डॉक्टर घरी येऊन गेले. दार लोटून दोघं बराच वेळ बोलले. बाहेर आल्यावर डॉक्टर म्हणाले, "त्यांना सगळं नीट कळतंय. फार त्रास होऊ नये एवढं मी बघतो. तुम्ही भावाला बोलावून घ्या."

मी बाबांशी भांडले. नोकरी नाकारल्याचा फोन आत्ता तुमच्यासमोर करते म्हटलं. तर म्हणाले, "तुझ्यासाठी मी काही करत नाहीये, उगाच भाव खाऊ नकोस. त्या खुर्चीतून आलो की दुसरा दिवस झोपण्यात जातो, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तीच खुर्ची. मी दमलोय गं."

खरं बोलत असतील. तेच वाक्य मी उलटसुलट करून बघतेय. खरं असेल तर त्यांना अडवू नये. खोटं असेल तर काय करायचं, याचा विचार करायचंही त्राण उरलं नाही. नोकरीवाल्यांना अजून काहीच कळवलेलं नाही. मीही दमलेय, छोट्या. हे दुसऱ्या कोणाला सांगता येत नाही.

पाय सुजलेत. जेवण जवळजवळ सुटलंय. बोलतात मात्र स्वच्छ. काल दुपारी उशीला टेकून बसले होते. मधेच म्हणाले, "छोट्याची पोर आता बोलत असेल."

"बोलते. फार बोलते."

"मग त्याच्यावर गेली," म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

तुम्ही दोघांनी बोलणं का टाकलं, कोणाचं चुकलं, यात मी कधी पडले नाही, आजही पडत नाही. तुला बोलाव असं त्यांनी म्हटलेलं नाही. मी म्हणतेय. पोरीला घेऊन ये. रजा मिळेल तेव्हा नाही, हे वाचून झालं की निघ. आल्यावर माफी-बिफी काही नको, नुसता जवळ बस. आणि एक दिवस मला झोपू दे.

मी वाट बघतेय. बाबा किती बघतील, ते मला सांगता येत नाही.

तुझी,
ताई