समजदार पोट्टा

१४ जानेवारी, अकोला
संक्रांत. आईने तीळ भाजायला घेतले आणि ते तसेच कढईत राहिले.
समोरच्या घरातल्या पोराने मोबाइल नाकापुढे धरला. "ताई, हा तुमचा पियूषच ना व?" व्हिडिओत राजापेठेतल्या क्लासची पार्किंग. माझा भाऊ, वय सतरा, बारावीसाठी अमरावतीला ठेवलेला. समोर त्याच्याच बॅचचा सुजल. पहिला वार पोटात. दुसरा बरगडीत. सुजल खाली बसला, हात वर केले. मग तिसरा, मानेत.
तिसरा कशाला रे, पियू? तो खाली बसला होता ना.
लॅबमध्ये रोज लोकांचं रक्त काढते मी. आज बेसिनमध्ये ओकले. सुजल दवाखान्यात पोचायच्या आधीच गेला.

१६ जानेवारी, अमरावती
पियूला पोलिसांनी बडनेऱ्यात पकडलं. आम्ही ठाण्यात पोचलो तर बाकावर बसून बिस्किट खात होता. बाबा आत शिरले ते थेट लाथच घातली. बिस्किटं जमिनीवर. एवढ्या पोलिसांतून कुणी अडवेपर्यंत दोन ठोसेही झाले. "पोरगा लहान आहे हो," असं शेवटी हवालदार म्हणाला. आमच्या घरात हे कधी कुणी म्हटलं नव्हतं.
कारण कळलं. सुजल आणि त्याच्या टोळीने पियूला गाडीच्या धक्क्यावरून धरलं, सगळ्यांसमोर नाक घासायला लावलं, व्हिडिओ स्टेटसला टाकला. रविवारी पियू घरी येऊन गेला, तेव्हा कुणाला बोलला नाही. जेवला, बाबांच्या दुकानात गेला. गाडीच्या कमानपाट्याचा तुकडा आमच्याच ग्राइंडरवर घासून त्याचा सुरा केला. मी घरातून आवाज ऐकला होता. वाटलं, बाबांना मदत करतोय.

१९ जानेवारी
सुजलचे काका-मामा दोन गाड्या भरून जुन्या शहरात, आमच्या गल्लीत आले. बाबांचं फॅब्रिकेशनचं दुकान फोडलं. बाबांच्याच रॉडने बाबांचा उजवा हात मोडला, हाड बाहेर. गल्लीतली सगळी दारं धडाधड बंद. मी वीट उचलली आणि मारली, एकाच्या कानाला लागली. बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, फार बरं वाटलं.
बाबा तक्रार द्यायला तयार नाहीत. "त्यायचा पोट्टा गेला बाई. माहा तं हातच मोडला."

३ फेब्रुवारी, अम.
निरीक्षणगृहात भेट. पियूचा ओठ फाटलेला, एक डोळा बंद. तिथल्या पोरांनी 'मर्डरवाला भाई' म्हणून आधी चहा पाजला, मग धुतला. एका पोराच्या दंडावर पियूचे दात उमटलेत म्हणे. हे त्याने हसत सांगितलं. थोबाड रंगवावंसं वाटलं. त्याचं थोबाड आधीच रंगलेलं.
वकिलांनी नीट समजावलं. पोरगा सोळाच्या वर, गुन्हा खुनाचा. म्हणून बाल न्याय मंडळ आधी एवढंच बघणार: आपण काय करतोय, त्याने काय होईल, हे पोराला समजत होतं का. समजत नव्हतं असं वाटलं, तर लेकरू मानून फार तर तीन वर्षं सुधारगृह. समजत होतं, तर मोठ्या माणसासारखा खटला, आणि मग किती वर्षं ते कुणी सांगू शकत नाही. एक परिविक्षा अधिकारी मॅडम घरी येऊन चौकशी करतील. "साधं बोला," वकील म्हणाले. साधं म्हणजे काय, ते आम्ही विचारलं नाही.

११ फेब्रुवारी
मॅडम आल्या.
आईने कांदेपोहे केले, वर शेव. शोकेसमधले कप काढले. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून, प्लास्टरचा हात गळ्यात, खुर्चीच्या टोकावर. सोयरीक जुळवायला पाहुणे यावेत तसा थाट. सरकारी माणूस दारात आला की आपल्या माणसाचं चांगलंच सांगायचं, एवढंच आमच्या घराला ठाऊक.
मॅडमनी विचारलं, मुलगा कसा आहे?
"लय समजदार आहे मॅडम. वयापेक्षा मोठाच समजा. सुट्टीत दुकान तोच पाहते. हे गेट पाहा, त्यानंच केलं. बिनविचाराचं काम नाई त्याचं. पहिले माप घेते, मंग कापते."
मॅडमचा पेन थांबला. मी मागून खुणा करून मेले.
"रागाच्या भरात काही करतो का?"
"नाई नाई! राग आला तरी पोटात ठेवते. दोन-चार दिवसानं शांत डोक्यानं पाहते काय करायचं ते."
आई आतून म्हणाली, "मॅडम, पोहे घ्या ना."
मॅडमनी सगळं लिहून घेतलं. वाईट बाई नव्हती. जाताना माझ्याकडे बघून मान खाली घातली.

१२ फेब्रुवारी
वकिलांचा फोन. "तुमच्या वडिलांनी सरकारी वकिलाचं काम करून दिलं."
मी बाबांवर ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा. मारलंत त्याला, पाइपने मारलंत, दहावीला चौऱ्याऐंशी टक्के पडले तर बाकीचे कुठे गेले म्हणालात. कौतुक करायला हाच मुहूर्त सापडला?
"मंग काय येडा हाय म्हणू पोट्ट्याले? परक्या बाईसमोर?"
मी ताट भिंतीवर फेकलं. वरण अजून भिंतीवर आहे, कुणी पुसत नाही. बाबा संध्याकाळपर्यंत मोडक्या दुकानात बसून होते.

२० फेब्रुवारी, अम.
मी पियूवर सगळा राग काढला. तुझ्या बापाने तुला बुडवलं, म्हणाले. काय काय बोलले बाबा, ते शब्दन् शब्द सांगितलं.
तो मग म्हणाला, "समजदार म्हणले? बाबा?"
"हो."
"गेटचं पण सांगतलं?"
हो, म्हटलं. त्याचा चेहरा असा उजळला की मला रडू आलं. काही सांगायलाच नको होतं.

५ मार्च, अम.
मंडळाचा दिवस. वकिलांनी पियूकडून दहादा घोकून घेतलं: घाबरलो होतो, डोक्यात काही नव्हतं, मरेल असं वाटलं नाही.
व्हरांड्यात सुजलची आई. ती माझ्याकडे चालत आली आणि कानाखाली दिली, कान अजून वाजतोय. "माहाही सतराचाच होता व. त्याले कोण लहान म्हणलं?" तिची बांगडी फुटून माझ्या गालात घुसली. मी हात उचलला नाही. इच्छाच झाली नाही.
पियू एकटाच आत. बाबा बाहेर, बंद दाराकडे तोंड करून.
बऱ्याच वेळाने आला. घेऊन जाण्याआधी दोन मिनिटं मिळाली.
"बोललास ना सांगितलं तसं?"
"त्यायनं विचारलं, मारलं तं माणूस मरते हे समजत होतं काय."
"मग?"
"मी म्हणलं, समजत होतं."
मी त्याचा दंड धरला, नखं रुतेपर्यंत. "कावून रे? कावून?"
"बाबाचं बोलणं त्यायच्या कागदात होतं ना ताई. मी नाई म्हणलो असतो, तं बाबा खोटे पडले असते." मग हळूच, "बाबाले सांगजो, रडलो नाई म्हणून."

६ मार्च, अकोला
मंडळाने निर्णय राखून ठेवला. पंचवीसची तारीख.
बाबा डाव्या हाताने जेवत होते. "काय बोलला पोट्टा अंदर?"
"रडला नाही," म्हटलं.
बाबांनी मान हलवली. ऊर जरासा भरून आला त्यांचा, मी पाहिलं. मग घास हातातच ठेवून म्हणाले, "आन् अजून काय बोलला?"
मी भाकरी आणायला आत गेले. डब्यात भाकरी होती, तरी आईला म्हटलं, अजून एक टाक.