मॅमथ का संपले

१४ डिसेंबर, आर. के. पुरम

आज ह्यांच्या तेराव्याचं गोडाचं जेवण झालं. दीर गुरुग्रामहून आले होते. सगळ्यांसमोर म्हणाले, "वहिनी, दादाला या धुरातून वेळेवर पुण्याला न्यायला हवं होतं तुम्ही."

मी लाडू वाढत राहिले. मागच्या हिवाळ्यात पुण्याला बदली मिळत होती, तेव्हा "प्रमोशन होईपर्यंत दिल्ली सोडू नकोस यार" असं ह्यांना कोण सांगत होतं? तेव्हाही धूर होताच की. दिरांचं ते "यार" अजून कानात आहे. बोलायला हवं होतं का मी?

पुतणी तनया शाळेचा प्रोजेक्ट घेऊन बसली होती. "काकू, मॅमथ कधी संपले ते मिळालं. शेवटचे चार हजार वर्षांपूर्वी, एका बेटावर. पण का, ते पक्कं नाही. हवा बदलली, गवत गेलं, आणि माणसांनी मारलंसुद्धा. काय लिहू?"

"हवा लिही, बेटा," दीर म्हणाले.

"दोन्ही लिही," मी म्हणाले. दिवसभरात तेवढंच बोलले असेन.

दिरांना काही कळलं नाही. आणखी एक लाडू मागून घेतला त्यांनी.

सगळे गेल्यावर खिडक्या लावल्या आणि उरलेला वरणभात ओट्यापाशी उभ्यानेच खाल्ला.