गुरुवारच्या पिठल्याची वाटणी

मी, सुमन सोपानराव काशीद, वय चौऱ्याहत्तर, राहणार पिंपळे गुरव, माझ्या पश्चात भांडणे नकोत म्हणून हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. गुडघे कुरकुरतात, पण डोके जागेवर आहे. शंका असेल त्याने माझ्यासोबत भाजी घ्यायला येऊन खात्री करावी. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. तो टाकणे सोपानरावांनाही कधी जमले नाही.

१. राहते घर, अंगण व परसबाग माझ्या नावावर आहे. ते मुलगा प्रीतम व मुलगी तनुजा यांनी निम्मे निम्मे घ्यावे. प्रीतमला इथे इमारत बांधायची घाई आहे. खुशाल बांधावी, मी वरून हरकत घेणार नाही. अट एकच, आणि हा सारा खटाटोप तिच्यासाठीच आहे: आपल्याकडचे गुरुवारचे जेवण बंद पडता कामा नये.

२. नातवंडांच्या माहितीसाठी लिहिते. इकडच्या कंपन्यांना सुट्टी गुरुवारी. सोपानरावांच्या कंपनीतली, खोलीवर एकटी राहणारी माणसे त्या संध्याकाळी आमच्याकडे येत. मंडईत त्या दिवशी ताजे दिसेल ते मी करी. कधी मेथी, कधी वांग्याचे भरीत, काहीच नसेल तर पिठले. सोबत भाकरी आणि खरडा. आलेल्याला "जेवणार का?" असे विचारायचे नाही, ताट वाढायचे. आणि घरच्या बाईने ओट्याशी घुटमळत न राहता पंगतीत बसायचे. सोपानराव म्हणत, "माणूस तुझ्याशी चार शब्द बोलाया येतोय, भाजी बघाया न्हाई." ते गेले, ती माणसेही आपापल्या संसाराला लागली, पण गुरुवारी अजून कोणी ना कोणी येतेच.

३. पितळी परात. ही जाऊबाई इंद्रायणी यांनी थेरगावच्या लग्नासाठी नेली. त्या लग्नातला नवरदेव आता स्वतः सासरा झाला आहे. सदर परात मी त्यांनाच देत आहे, म्हणजे ती निदान रीतसर त्यांची होईल.

४. बिडाचा तवा व पाटा-वरवंटा. यांवर तनुजाचा डोळा आहे. तिच्या हाताला माझ्यापेक्षा सरस चव आहे, हे मी लेखी देते. पण सांगवीला तिच्या दारात पाऊल टाकले, की आधी "जेवून आलात ना?" ऐकू येते. तिला माझ्या सोन्याच्या पाटल्या द्याव्यात. त्यांना पाहुणे लागत नाहीत.

तवा व पाटा सून मंजुषा हिला. आता प्रीतम हसेल, त्याला हसू द्यावे. त्याच्या बढतीचे जेवण तिनेच मांडले होते. मोबाइलवर आमंत्रण, नऊ पदार्थ, मिक्सर, विजेची शेगडी. पाहुणे चाकणच्या कंपनीतले, त्यांचीही सुट्टी गुरुवारी, म्हणून दिवस गुरुवारचा. गुरुवारी दुरुस्तीसाठी इकडची वीज जाते, हे आमच्या मांजरालाही ठाऊक. मंजुषाची कंपनी हिंजवडीची, तिची सुट्टी शनिवार-रविवार. दुपारी ती ओट्याला टेकून रडत होती.

"आई, सगळे येणारेत हो."

"येऊ देत की. बेसन हाय, वांगी हायती, गॅस हाय. आजून काय पायजे?"

उजेड होता तोवर अंगणात जेवणे उरकली. मी तिला हाताला धरून पंगतीत बसवले. पाहुण्यांबरोबर गरम भाकरी ती पहिल्यांदाच जेवली.

यंदा श्रावणात माझे मनगट मोडले आणि मी दवाखान्यात पडून होते. गुरुवार आला. मंजुषाने कोणाला न सांगता रजा टाकली. मागच्या खोलीतला आमचा भाडेकरू भैरू, मूळचा बीडकडचा, मला भेटायला आला तेव्हा म्हणाला, "काकू, पिठल्यात गाठी होत्या, भाकरी मावळच्या नकाशावानी. पर वहिनींनी इचारलं नाई. सरळ ताटं मांडली अन् सोता पंगतीत बसल्या." मी भिंतीकडे तोंड करून रडले. आनंदाने रडले, नंतर वाद नको म्हणून स्पष्ट लिहिते.

५. इमारत झाल्यावर प्रीतम-मंजुषाने तळमजल्यावरच राहावे. गेटवरच्या वॉचमनने "कोणाकडे?" असे विचारले आणि आलेल्याने "गुरुवार" एवढेच सांगितले, तर त्याला आत सोडावे.

६. हे मृत्युपत्र मी पेटीत ठेवणार नाही. फ्रिजच्या दारावर लावणार आहे, कारण शेवटचे कलम माझ्या हयातीतले आहे. प्लास्टर निघाल्यापासून मंजुषा माझ्यासमोर बेसनाला हात लावत नाही. मी जाईन त्या दिवशी आपल्या घरात चूल पेटणार नाही; रीतीप्रमाणे शेजारून पिठले-भाकरी येईल, आणि ती मला मिळायची नाही. तेव्हा मंजुषा, येत्या गुरुवारी तूच कर. गाठी राहू देत. मला विचारू नकोस, ताट वाढ.

साक्षीदारांना मृत्युपत्रातून काही मिळू नये, असे वकिलांचे म्हणणे. म्हणून दोघांनाही सहीआधीच जेवू घातले आहे.

सही: सुमन सोपानराव काशीद

साक्षीदार:
१. मारुतराव कदम, शेजारी (सही)
२. योगिनी देवकर, शेजारीण (सही, भरीत उत्तम होते)

ठिकाण: पिंपळे गुरव
दिनांक: १८ सप्टेंबर २०२५, वार अर्थातच गुरुवार